तीनशे मीटर

नगरपालिकेच्या रस्ते विभागात मोजणीदारांनी चौतीस वर्षं काढली. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी त्यांचा हात स्वस्थ बसत नव्हता. घरात नवीन कपाट यायचं ठरलं, की दुकानदाराच्या शब्दावर त्यांचा विश्वास नसे. हे आपली टेप घेऊन दुकानात हजर. एकदा शिंपिणीने पडदा बोटभर आखूड शिवला, तर त्यांनी तिला तो फरक कागदावर लिहून दाखवला होता, दशांश चिन्हासकट. त्यांची बायको म्हणायची, "मला बघायला आले तेव्हा यांनी माझी उंचीसुद्धा दाराच्या चौकटीवर मनातल्या मनात टिपून घेतली असणार."

शहरात दरवर्षी थंडी ओसरता ओसरता एक शर्यत होत असे. तिचे दोन भाग. एक तीन किलोमीटरची हौशी धाव. तिच्यात बाळगाड्या, कुत्री, गुडघ्याला पट्टे बांधलेले आजोबा आणि गप्पा मारत चालणाऱ्या मैत्रिणी असा सगळा लवाजमा असायचा. दुसरी दहा किलोमीटरची खरी शर्यत: क्रीडांगणाच्या फाटकातून बाजाररस्ता, जलशुद्धीकरण केंद्राला वळसा, मग कालव्याच्या काठाने रेल्वे पुलाखालून गिरणीच्या रस्त्यावर, आणि परत फाटकात. ही शर्यत सुरू केली औषधवाल्यांनी. चौकात त्यांचं औषधांचं दुकान होतं, आणि धावण्याचं वेड इतकं, की खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्यालाही ते "जरा पळत जा रोज," असं सांगायचे.

सव्वीस वर्षांपूर्वी पहिल्या शर्यतीचा मार्ग मोजून दिला तो मोजणीदारांनी. तेव्हा ते पस्तिशीचे होते. ती पहिली शर्यत बायकांमध्ये जिंकली त्यांच्याच धाकट्या बहिणीने, अडतीस मिनिटं बारा सेकंदात. धाकटी तेव्हा तेवीस वर्षांची, टपाल खात्यात नुकतीच लागलेली. तिचा तो विक्रम पुढे कुणाला मोडता आला नाही. क्रीडांगणाच्या भिंतीवरच्या फळ्यावर तिची ओळ सगळ्यांत वर होती. मोजणीदार स्वतः आयुष्यात बस पकडण्यापलीकडे कधी धावले नव्हते. पण फळ्यासमोरून जाताना त्यांची मान आपोआप वळायची. मार्ग त्यांचा आणि विक्रम बहिणीचा. घराण्यात आणखी काय हवं!

या वर्षी औषधवाले घरी आले ते कागद घेऊनच.

"बाहेरगावचे चांगले धावणारे आपल्याकडे येत नाहीत," ते म्हणाले, "कारण आपला मार्ग धावपटूंच्या संघटनेने प्रमाणित केलेला नाही. आता नवीन पद्धत आली आहे. सायकलच्या पुढच्या चाकाला एक छोटं मोजणीयंत्र लावायचं आणि मार्गावरून फिरायचं. यंत्र मागवलंय. सायकल तुमची."

"माझा मार्ग पोलादी टेपने मोजलाय," मोजणीदार म्हणाले. "सायकलीने काय तो बदलणार आहे?"

"बदलणार नाही हो. कागदावर शिक्का येईल, एवढंच."

तसं पाहिलं तर कुरबुर आधीही झाली होती. गेली काही वर्षं लोकांच्या मनगटावर अंतर सांगणारी घड्याळं आली होती. दातांच्या डॉक्टरीणबाई दरवर्षी नेमाने धावायच्या. त्या एकदा मोजणीदारांना म्हणाल्या होत्या, "माझं घड्याळ नऊ पूर्णांक सात दाखवतं. दरवर्षी तेवढंच." मोजणीदार चारचौघांत हसले होते. "बाई, दात तुम्ही बघा, रस्ते आम्ही बघतो. घड्याळ दुरुस्त करून घ्या." आजूबाजूचेही हसले होते. त्यानंतर घड्याळाचा विषय कुणी काढला नाही.

यंत्र आलं. काडेपेटीएवढं, आकडे फिरणारं. मोजणीदारांनी सोबतची पुस्तिका तीनदा वाचली. क्रीडांगणामागच्या सरळ रस्त्यावर टेपने चारशे मीटर आखले, त्यावरून सायकल चारदा नेली आणली आणि चाकाचे किती आकडे म्हणजे किती मीटर याचा हिशोब बसवला. मग एका रविवारी, रस्त्यावर फक्त दूधवाले असताना, ते मार्गावर निघाले. वळणावर आतल्या कडेपासून हातभर अंतर ठेवून, न डगमगता. तासाभराने फाटकात परतले, वहीत आकडेमोड केली आणि तिथेच कठड्यावर टेकले.

नऊ हजार सातशे तीन.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चाकात हवा भरून पुन्हा मोजलं. नऊ हजार सातशे एक. तिसऱ्या दिवशी यंत्र काढून नव्याने बसवलं. नऊ हजार सातशे दोन.

घरी येऊन त्यांनी पोलादी कपाटाचा तळचा कप्पा उघडला. तिथे त्यांच्या मोजणीच्या जुन्या वह्या होत्या. बायको त्या दरवर्षी रद्दीत घालायला निघायची आणि दरवर्षी भांडण व्हायचं. सव्वीस वर्षांपूर्वीची वही सापडली. फाटकापासून कालव्याच्या काठापर्यंतचं अंतर आजच्या मापाशी दोन मीटरच्या फरकाने जुळत होतं. गिरणीचा रस्ता जुळत होता. कालव्याचा काठ मात्र वहीत सत्तावीसशे मीटर होता, आणि आज चोवीसशे भरला होता.

तेव्हा टेप तीस मीटरची असायची. दर तीस मीटरला एक लोखंडी सळई जमिनीत खोचायची, मागच्या माणसाने ती गोळा करत यायचं. दहा सळया झाल्या की तीनशे मीटर, मग वहीत एक उभी रेघ. मोजणीदारांनी कालव्याच्या पानावरच्या रेघा मोजल्या. नऊ. चष्मा पुसून पुन्हा मोजल्या. सातवी आणि आठवी रेघ एकमेकींना खेटून होत्या. सातवी शाईची होती, आठवी पेन्सिलीची.

मग त्यांना तो दिवस आठवला. रेल्वे पुलाखाली पोहोचले आणि पावसाची सर आली होती. बरोबर त्यांचा जोडीदार होता, सगळे ज्याला ढोल्या म्हणायचे तो. दोघे पुलाखाली उभे राहिले, थर्मासमधला चहा प्याले. ढोल्याने वही कोरडी ठेवायला शर्टात घातली होती. रेघ ओढून मग घातली, की घालून मग यांनी ओढली? दोघांनीही ओढली होती. एकाच तीनशे मीटरसाठी दोन रेघा.

बायकोने ताट वाढलं होतं. त्यांनी तिला वही दाखवली. तिला रेघांतलं फारसं कळलं नाही, पण नवऱ्याचा चेहरा कळला.

"ढोल्याभाऊजी जाऊन आठ वर्षं झाली," ती हळूच म्हणाली. "पेन्सिल तर तेच वापरायचे."

"खाली सही कुणाची आहे?"

तिने पान जवळ धरलं. सही मोजणीदारांची होती, 'तपासले' या शब्दाखाली.

संध्याकाळी ते औषधवाल्यांच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक निघून जाईपर्यंत बाजूला उभे राहिले, मग वही काउंटरवर ठेवली. औषधवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"हे बघा, उगाच डोक्यात राख घालून घेऊ नका. सुरुवातीची रेषा तीनशे मीटर मागे नेऊ. 'सुधारित मार्ग' म्हणून जाहीर करू. कुणाला काही सांगायची गरजच नाही."

"आणि मागची सव्वीस वर्षं?"

"ती झाली की हो धावून!"

"धावून पूर्ण झालीच नाहीत, तेच तर सांगतोय," मोजणीदार म्हणाले. "सभेत मी स्वतः सांगतो. त्याआधी मला एका घरी जाऊन यायचंय."

धाकटी आता एकोणपन्नास वर्षांची होती. अजूनही पायीच टपाल वाटायची; तिच्या भागातले लोक तिच्या चालण्यावरून घड्याळ लावायचे. मोजणीदार गेले तेव्हा ती खिडकीशी खाकी सदऱ्याला इस्त्री करत होती. नवरा बसवर ड्रायव्हर, तो कामावर गेला होता.

"दादा, आज वाट चुकलास काय?" ती म्हणाली. "बस. चहा टाकते."

"चहा नको. आधी ऐक."

त्यांनी सांगितलं. वही आणली होती, पण उघडली नाही. ती इस्त्री करत राहिली. कॉलर झाली, एक बाही झाली.

"किती म्हणालास?"

"तीनशे मीटर."

"म्हणजे माझ्या वेळेत किती?"

तो हिशोब त्यांनी करून ठेवला होता. "एक मिनिट अकरा सेकंद. एकोणचाळीस-तेवीस झाले असते. तरी तुझ्याहून वेगाने आजवर कुणी..."

तिने इस्त्री उभी करून ठेवली, बटण बंद केलं आणि आत गेली. बराच वेळ डबे उघडल्याचे, कागद चाळल्याचे आवाज येत राहिले. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक पिवळा पडलेला छापील कागद होता. तिने तो भावापुढे धरला.

मोजणीदारांना तो वाचायची गरज नव्हती. पहिली शर्यत जिंकल्यावर, त्या अडतीस-बाराच्या जोरावर, दोन महिन्यांनी तिला मोठ्या शहरात निवड चाचणीला बोलावलं होतं. मैदानावर पंचवीस फेऱ्या. तिने अडतीस मिनिटांच्या वेगाने सुरुवात केली, सोळाव्या फेरीला पाय जड झाले, आणि ती आठवी आली. कागदावर लिहिलं होतं: एकोणचाळीस मिनिटं सव्वीस सेकंद.

"तीन सेकंद," धाकटी म्हणाली. "तेवीस आणि सव्वीस. तीन सेकंदांचा फरक, दादा."

मोजणीदारांनी मांडीवरची वही खाली ठेवली.

"घरी आल्यावर वडील म्हणाले, घाबरली. धावणं शिकवणारे मास्तर म्हणाले, मोठं मैदान बघून बिचकली. आणि तू काय म्हणालास, आठवतंय?"

आठवत होतं. बसस्टँडवर तिची पिशवी घेताना ते म्हणाले होते, 'तिथे तू कच खाल्लीस, धाकटे. नाहीतर तुझी ताकद अडतीसची आहे. मी मोजलंय.'

"मी मोजलंय," ती म्हणाली. "मला वाटलं, दादाने मोजलंय म्हणजे रस्ता खोटा असणार नाही. मग मीच खोटी. बूट शेजारच्या पोरीला देऊन टाकले. सव्वीस वर्षं मी स्वतःला सांगत आले, की ऐन वेळी हातपाय गाळणारी बाई आहे मी. ऑफिसात वरच्या जागेची परीक्षा होती, दिली नाही. म्हटलं, आयत्या वेळी आपलं काही खरं नाही."

"धाकटे..."

"आणि त्या दिवशी मी कच खाल्लीच नव्हती. जशी इथे धावले तशीच तिथे धावले. जास्त वेगाने सुरुवात करूनही."

तिचा आवाज चढला नाही, हेच मोजणीदारांना जास्त लागलं. तिने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"तू आता जा, दादा. मला उरलेले सदरे करायचेत."

जिना उतरताना त्यांचा पाय एका पायरीवर चुकला. चौदा पायऱ्यांचा जिना होता. ते तिथे शेकडो वेळा चढले-उतरले होते.

पुढचे दोन आठवडे धाकटी आली नाही, फोन नाही. मोजणीदारांच्या घराचं टपाल तीच टाकायची. ते दाराच्या फटीतून आत पडायचं आणि पावलं निघून जायची. बायकोने एकदा दार उघडून "आत ये की गं," म्हटलं, तर "वहिनी, पिशवी भरलीय अजून," एवढंच उत्तर आलं. मोजणीदार जेवायचे, पण काय जेवले ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

शर्यतीची वार्षिक सभा क्रीडांगणातल्या टेबल टेनिसच्या खोलीत भरली. टेबल घडी करून भिंतीला लावलेलं, चाळीसेक खुर्च्या. मोजणीदारांनी एक पानाचं निवेदन लिहून आणलं होतं. उभे राहून वाचलं. 'चूक माझी आहे' हे वाक्य त्यात दोनदा होतं, आणि ढोल्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

मग बेकरीवाले उठले. अकरा वर्षांपूर्वी ते एकोणचाळीस मिनिटं बावन्न सेकंदात धावले होते आणि दुकानाच्या पाटीवर त्यांनी 'चाळीस मिनिटांच्या आत' असं रंगवून घेतलं होतं. गिऱ्हाइकांना वाटायचं, पाव चाळीस मिनिटांत भाजून मिळतो.

"म्हणजे माझी खरी वेळ किती?" त्यांनी विचारलं.

"एक्केचाळीस मिनिटं सहा सेकंद," मोजणीदार म्हणाले. त्यांच्याकडे सगळ्यांचे आकडे तयार होते.

"अहो, मग पाटीचं काय करू मी?"

"पावाची आहे म्हणून सांगा," मागून कुणीतरी म्हणालं. खोली हसली, आणि बेकरीवाले तणतणत बसले. एकेक जण उठू लागला. कुणी मित्राला एका सेकंदाने हरवलं होतं, त्याला ते तसंच राहतंय ना याची खात्री हवी होती. कुणी म्हणालं, झालं गेलं विसरा. कुणी म्हणालं, विसरा कसं, पदकं काय परत करायची? मोजणीदारांनी प्रत्येकाला उत्तर दिलं. मग ते दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे वळले.

"बाई, तुमची मी सगळ्यांसमोर टर उडवली होती. तुमचं घड्याळ बरोबर होतं. माफी मागतो."

"चार वर्षांपूर्वी दुरुस्तीला टाकलं होतं मी ते," बाई म्हणाल्या. "दुकानदार म्हणाला, काही बिघडलेलं नाही. आज तुम्हीही म्हणालात. आता झालं दुरुस्त."

तेवढ्यात औषधवाल्यांनी फळ्याचा विषय काढला. जुन्या सगळ्या वेळा पुसाव्या लागतील, पण बायकांचा पहिला विक्रम हिशोबाने दुरुस्त करून एकोणचाळीस-तेवीस असा ठेवावा, शेवटी एवढ्या वर्षांचा मान आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. लोकांनी माना डोलावल्या.

"नको."

सगळे वळले. धाकटी दारात उभी होती. खाकी सदरा, खांद्याला रिकामी पिशवी. कामावरून सरळ आली असावी. कधीपासून उभी होती कुणास ठाऊक.

"ते तीनशे मीटर मी धावलेच नाही," ती म्हणाली. "न धावलेल्या रस्त्याची वेळ कशी लावणार? पुसा ती ओळ. जी पोरगी पुरते दहा धावेल तिचं लिहा."

"पण ताई, तुमच्यावर अन्याय..."

"माझी दहाची खरी वेळ घरी आहे माझ्याकडे. शिक्क्यासकट," ती म्हणाली आणि निघून गेली. भावाकडे तिने पाहिलं नाही, पण जाताना त्याच्या खुर्चीच्या पाठीवर एक हात टेकवून गेली. तेवढ्यावर मोजणीदार त्या रात्री पोटभर जेवले.

शर्यतीच्या दिवशी सुरुवातीची रेषा फाटकाच्या तीनशे मीटर मागे, अग्निशमन केंद्रासमोर होती. मोजणीदारांनी ती स्वतः रंगवली होती. आकाश ढगाळ होतं, वारा नव्हता. हौशी धावेत कुणाचा तरी कुत्रा बाळगाडीत बसून आणि बाळ खांद्यावर बसून आलं. बेकरीवाले चव्वेचाळीस मिनिटांत आले, आणि "हे मात्र पूर्ण चव्वेचाळीस!" असं भेटेल त्याला सांगत सुटले. बायकांत पहिली आली बाहेरगावची एक नर्स, पहिल्यांदाच इथे धावणारी. एकोणचाळीस-अठ्ठेचाळीस. रंगाऱ्याने पुसलेल्या फळ्यावर ती वेळ लिहिली. तिला आधीचं काही माहीत नव्हतं, ती आपली खूश होती.

धाकटी दरवर्षीप्रमाणे कालव्याच्या काठी पाणी वाटायला होती. शर्यत संपल्यावर मोजणीदार तिथे गेले आणि रिकामे पेले गोळा करू लागले. दोघे पेले एकात एक अडकवत होते.

"मी तुला चुकीचं..." त्यांनी सुरुवात केली.

"सभेत ऐकलं मी. मला वेगळं नको." तिने पोत्याचं तोंड बांधलं. मग म्हणाली, "राग आहे माझा अजून. कधी जाईल सांगता येत नाही. पण एक गंमत सांगू? परवा वरच्या जागेच्या परीक्षेचा अर्ज आणला. वयाची अट संपायला अजून एक वर्ष बाकी आहे."

"भर ना मग!"

"भरला." तिने पोतं त्यांच्याकडे ढकललं. "आणि एक काम आहे तुझ्याकडे. माझ्या फाटकापासून एक किलोमीटर मोजून दे. पहाटे टपालाच्या आधी थोडं पळावं म्हणते. पण मी बरोबर येणार, आणि आकडे मी लिहिणार."

पुढच्या रविवारी ते दोघे निघाले. मोजणीदार सायकलवर, सावकाश, आणि धाकटी बाजूने चालत, हातात नवी वही. वळणावर ती त्यांना थांबवायची, आकडा स्वतः वाचायची, लिहायची, आणि त्यांनी पुढे होऊन डोकावलं तर वही छातीशी धरायची. दोनदा मोजलं. दोन्ही वेळा किलोमीटर संपला तो पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर, बंद शटरच्या बरोबर मधोमध. मोजणीदारांनी खिशातून खिळा काढून डांबरात ठोकला.

धाकटीने वही त्यांच्या हातात दिली. नव्या बुटांची नाडी आवळली, खिळ्यावर टाच टेकवली आणि घराच्या दिशेने पळत सुटली. पहिली शंभर पावलं अवघडलेली होती, मग हात सुटे झाले. मोजणीदार सायकल धरून उभे होते. डावं मनगट सवयीने वर आलं, पण त्यांनी घड्याळ पाहिलं नाही. तिने तशी सक्त ताकीद दिली होती.